साखरेच्या डब्याचं रबर

लातूरला क्लासेसच्या भागात सकाळी साडेसहाची गर्दी ज्यानं बघितलीय त्याला सांगायला नको, पोरं ओल्या केसानं, वही काखेत मारून नाष्टा शोधत फिरत असतात. तिथंच आमच्या ताईंचा स्टॉल सुरू झाला, त्या पहिल्या दिवसाचं सांगतो. अंध लोकांना स्वतःचा खाण्यापिण्याचा धंदा उभा करायला मदत करायची हे माझं काम, म्हणजे कागदपत्रं, लोन, जागा सगळंच.

ताईंची नजर काचबिंदूनं गेली, पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं रांधलेलं, त्यामुळं हाताला सगळं माहीत. जागेसाठी मात्र लई चकरा झाल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात धंद्यासाठी सवलतीच्या दरानं जागा देताना 5 टक्के राखीव ठेवायचं लिहिलेलंय, तरी प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, "न दिसणाऱ्या बाईला गॅस कसा जमंल?" अमेरिकेत केंद्र सरकारच्या इमारतीतले स्टॉल अंध माणसाला चालवायला द्यायचा कायदा 1936 लाच झालाय, हे मी सांगून सांगून थकलो. शेवटी ताईंनीच एका साहेबाला घरी बोलावून भजे तळून दाखवले. पिठाचा थेंब तेलात टाकायचा, कान द्यायचा, चर्र झालं की पहिला घाणा सोडायचा. साहेब दोन प्लेट खाऊन गेले आणि फाईल हलली.

तर पहिला दिवस. आदल्या रात्री मी हौसेनं स्टीलचे नवे डबे आणले, सगळे एकसारखे, स्टॉल छान दिसावा म्हणून, आणि ताईंचे जुने प्लास्टिकचे डबे रिकामे करून सामान नव्यात भरून ठेवलं. जुन्या डब्यांना रबर लावलेले होते, साखरेला एक, मिठाला दोन, ते जुन्यासोबत पिशवीत गेले. माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळी घाईत पहिलं पातेलं चहाचं खारट झालं, एका पोरानं घोट घेतला आणि बाजूला थुंकला.

ताई थांबल्या. "डब्याला कुणी हात लावला?"

मी म्हणलं, मी लावला ताई. काहीच बोलल्या नाहीत. चिमटीत घेऊन साखर कुठली मीठ कुठलं बघितलं, वेणीचं रबर काढून साखरेच्या डब्याला चढवलं, केस तसेच मागं बांधले आणि दुसरं पातेलं चढवलं. इतक्या वर्षांत इतरांना ट्रेनिंगमध्ये मीच सांगत आलो की वस्तूची जागा मालकाला विचारल्याशिवाय बदलायची नाही, आणि मीच ते केलं, अजून मनाला लागतंय.

दुसरी चूक लगेच. पोरं पैसे द्यायला माझ्याकडं वळायची, "काका किती झाले?" आणि मी घेत पण होतो. बरीच पोरं स्कॅन करतात, रक्कम स्पीकरवर ऐकू येते, तिथं अडचण नाही. नोटेचं अवघड. शंभर, दोनशे, पाचशेच्या नव्या नोटांची रुंदी सारखीच, लांबीत दर वेळी फक्त 4 मिलीमीटरचा फरक, कडेच्या उठावाच्या रेघा नोट वापरून वापरून झिजून जातात. त्यासाठी ताईंनी पुठ्ठ्याचं माप कापून ठेवलेलं, नोट त्याला लावून बघतात, दोन सेकंद लागतात. मी मध्ये हात घातला की ते मापच निघत नव्हतं.

"सर, तुम्ही समोर जाऊन बसा," ताई म्हणाल्या.

मी समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या बाकड्यावर बसलो. आता पोरांना ताईंशीच बोलावं लागलं. कुणीतरी सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, मागितला, ताईंनी भिजवलेले मुरमुरे मुठीत दाबून पाणी काढलं, फोडणी तडतडली तशी हिरवी मिरची टाकली, वरून डाळव्याचं कूट. वास रस्त्याच्या अलीकडं माझ्यापर्यंत आला. एक पोरगी म्हणाली, "मावशी, उद्या जरा तिखट करा ना." ताई म्हणाल्या, "तुजं नाव सांग, आवाज ध्यानात ठिवते."

साडेनवाला सुशीला संपला. मी पलीकडं गेलो तर ताई गल्ला मोजत होत्या.

"उद्या मुरमुरे दुप्पट लागत्याल," म्हणाल्या, "अन् सर, तुम्ही सकाळी येऊ नका. धाला या, हिशोबाला."