बाजाराच्या दिवशीची मासोळी अन बाळाचा आठवडाभराचा खाऊ

आमच्या गोंदिया जिल्ह्यात मासोळीची काही कमी नाही, गावोगावी मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आहेत, पण ताजी मासोळी रोज थोडीच मिळते, एक तर आठवडी बाजारात नाहीतर तलावात जाळं टाकलं त्या दिवशी. म्हणून मी त्याच दिवशी बाळासाठी मासोळी-भाजीच्या बोटाएवढ्या कांड्या करून फ्रीजरमध्ये टाकते. रोवणीच्या (धान लावायच्या) दिवसात तर दुसरा इलाजच नाही, आपण बांधीत (धानाच्या शेतात) अन लेकरू आजीजवळ, आजीला फक्त गरम करून द्यायचं.

जमलं तर मरळ घ्या. महाग आहे, पण काटे कमी. रोहू-कतल्याच्या पाठीच्या अन शेपटीच्या मांसात बारीक दोन तोंडी काटे असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, बोटालाच लागतात. रोहूच मिळाली तर पेटीचे (पोटाकडचे) तुकडे मागा, तिथले काटे बरगडीचे, मोठे, लगेच निघतात. बर्फातली आंध्राची मासोळी असेल तर कल्ले उघडून पाहा, लाल नसतील किंवा वास मारत असेल तर त्या दिवशी मुगाच्या डाळीचंच करा बापा.

हळद लावून मासोळी वाफवायची, कोमट असतानाच साल काढायचं अन स्टीलच्या ताटात चिमूट चिमूट मांस अंगठ्याखाली दाबत सरकवायचं. काटा असला की टोचतो, ताटावर कर्र वाजतो पण. घाई असेल त्या दिवशी हे काम करूच नका. आमच्याकडे एकदा मी पाहते, मग तेच ताट सासूबाई पाहतात, अन त्यांना हमखास एखादा सापडतोच (मग दिवसभर ऐकावं लागते).

पाव किलो मांसाला वाटीभर वाफवलेलं कोहळं (लाल भोपळा), एक उकडलेला आलू, मूठभर मुनग्याची (शेवग्याची) कोवळी पानं वाफवून बारीक चिरून, अन बांधायला दोन चमचे तांदळाचं पीठ. कोहळं पाण्यात उकडू नका, फार पाणी धरते, वाफवून फडक्यात पिळा. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून लोह पुरत नाही, मासोळीतून ते मिळते, म्हणून एवढी खटपट. कांडी मोठ्या माणसाच्या बोटाएवढी लांब ठेवा, कारण लहान लेकरू मुठीत धरते, मुठीच्या बाहेर आलेलं तेवढंच त्याच्या तोंडात जाते. दोन बोटात दाबली की चुरली पाहिजे.

मीठ, साखर नाही, मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही. सासूबाई म्हणे, "मीठ नाही टाकलं त लेकरू खाइन कसं व?" अहो आई, त्यानं मीठ चाखलंच कधी!

इडलीच्या भांड्यात दहा-बारा मिनिटं वाफवा, थंड करा, ताटलीत सुट्या सुट्या ठेवून आधी गोठवा अन मगच डब्यात भरा, नाहीतर सगळ्यांचा एक गोळा होते. डब्यावर तारीख लिहा. फ्रीजरला उणे 18 डिग्री पाहिजे, आपल्या एका दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड राहत नाही, त्यात आमची लाइन कधी जाईल भरवसा नाही, म्हणून मी आठवड्यातच संपवते. वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवलं आहे, नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की समजायचं मधल्या वेळात सगळं वितळून परत गोठलं, मग डबा सरळ फेकायचा.

द्यायच्या वेळी फ्रीजरमधून थेट वाफेवर, आतपर्यंत चांगलं गरम, मग कोमट करून. उरलेलं परत गोठवायचं नाही.

पहिल्यांदा मासोळी देता तर सकाळी द्या, थोडीशीच, अंगावर गांधी किंवा उलटी दिसली तर बंद करून डॉक्टरला विचारा, तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर वाट न पाहता दवाखाना. बाळ सरळ बसलेलं पाहिजे अन कोणीतरी समोर पाहिजे. ओकारी काढत खोकलत असेल तर घाबरू नका, आवाज येते तोवर हवा जाते आहे. आवाजच बंद झाला तर मात्र घशात अडकलं समजा, हे घरातल्या आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, अन अडकलं तर पाठीत थापा कशा द्यायच्या ते गावातल्या आशाताईला किंवा नर्सबाईला विचारून घ्या.

उरलेल्या मिश्रणात मिरची, लसूण, मीठ अन भरपूर सांबार (कोथिंबीर) टाकून मोठ्यांसाठी तव्यावर वड्या होतात. त्या गोठवायच्या भानगडीत मी पडत नाही, उरतच नाहीत.