मानमोडी आणि माणसाचा डोळा

पावसाळ्यात नाशिकमध्ये डोळे येण्याची साथ पसरली की कारण बहुधा ॲडिनोव्हायरस किंवा एन्टेरोव्हायरस असते, आणि ती हातांवाटे, टॉवेलमधून, एकाच उशीवरून घरभर फिरते. मात्र सिन्नर किंवा दिंडोरीकडच्या पोल्ट्रीत काम करणाऱ्या माणसाचा एकच डोळा लाल झाला, तर विचारायचा पहिला प्रश्न वेगळा असायला हवा, असे मला वाटते: गेल्या दोन-तीन दिवसांत कोंबड्यांना लस दिली होती का?

कोंबड्यांच्या राणीखेत, म्हणजे मानमोडी या रोगाविरुद्धची लासोटा लस जिवंत विषाणूची असते आणि ती पिल्लांच्या डोळ्यांत थेंबाने, पिण्याच्या पाण्यातून किंवा फवाऱ्याने दिली जाते. फवाऱ्याचे तुषार किंवा लस लागलेली बोटे माणसाच्या डोळ्याला लागली, की एक-दोन दिवसांत डोळा लाल होतो, पाणी वाहते, पापणी सुजते आणि कधी कानापुढची गाठही दुखते. १९४३ मध्ये विषाणुशास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत घडलेल्या अशा संसर्गाची नोंद केली. हा त्रास सहसा आठवडाभरात आपोआप ओसरतो, त्यामुळे तो डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

बर्ड फ्लूचे तसे नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समधील कोंबड्यांत एच७एन७ हा बर्ड फ्लूचा प्रकार पसरला तेव्हा ८९ माणसांना लागण झाल्याचे सिद्ध झाले. बहुतेकांची तक्रार डोळ्यांचीच होती, पण एका पशुवैद्यकाचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. पक्ष्यांमधील फ्लूचे विषाणू पेशींवरच्या ज्या प्रकारच्या ग्राहींना, म्हणजे पकड घेण्याच्या जागांना, चिकटतात, ते माणसाच्या डोळ्याच्या बाह्य आवरणावरही असतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. अमेरिकेत २०२४ मध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा दुसरा प्रकार झालेल्या गायींजवळ काम करणाऱ्यांचेही डोळेच आधी लाल झाले. आपल्याच नाशिक विभागातील नवापूरला २००६ मध्ये कोंबड्यांत हा रोग आला होता, हे येथे आठवावे.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांबद्दल मी जरा कठोर आहे: लाली उतरते खरी, पण मुळात नागिणीसारखा हर्पिसचा संसर्ग असेल तर बुबुळावरची जखम वाढून दृष्टी कायमची अधू होऊ शकते, आणि प्रतिजैविकांचे थेंब तर विषाणूवर चालतच नाहीत. शेडमध्ये कोंबड्या मरत असताना कोणाचा डोळा लाल झाला, तर डॉक्टरांना डोळ्याइतकेच त्या मरतुकीबद्दलही सांगावे, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.