जहाजाची बदनामी

कायदेविषयक इंग्रजी कागदपत्रांची मराठी भाषांतरे तपासणे हे माझे रोजचे काम आहे. सागरी व्यवहारांच्या इतिहासावरील एका पुस्तकाचे हस्तलिखित एकदा माझ्याकडे आले. त्यात १९व्या शतकातील एका अमेरिकी खटल्याची हकिकत होती. भाषांतर स्वच्छ होते. त्या हकिकतीपर्यंत मला पेन्सिल उचलावीही लागली नव्हती. तिथे मात्र वाक्य होते : ‘थकलेल्या पगारासाठी खलाशांनी जहाजाची बदनामी केली.’

मूळ मजकुरात ‘लायबल’ हा शब्द क्रियापद म्हणून आला होता. तरुण सहकाऱ्याने दोन शब्दकोश उघडून दाखवले आणि दोन्हींत ‘बदनामी, अब्रुनुकसानी’ हेच अर्थ होते. त्याने कष्ट घेतले होते, यात शंका नाही. पण जहाजाची बदनामी करून पगार कसा वसूल होणार, हा प्रश्न त्या वाक्यापाशी पडायलाच हवा होता, आणि शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधण्याआधी तो वाक्यात शोधावा लागतो, असे मला मनापासून वाटते.

दुपारभर आम्ही त्या एका शब्दापाशी बसलो. लॅटिनमध्ये ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक आणि ‘लिबेल्लुस’ म्हणजे छोटे पुस्तक, चोपडी. त्यावरून इंग्रजीत ‘लायबल’ म्हणजे आधी नुसता लेखी कागद, आणि विशेषतः वादीने न्यायालयात दाखल केलेले लेखी म्हणणे. चर्चच्या आणि सागरी न्यायालयांत हा अर्थ दीर्घकाळ टिकला. अमेरिकेत तर १९६६ मध्ये सागरी दाव्यांची कार्यपद्धती सर्वसाधारण दिवाणी नियमांत विलीन होईपर्यंत असा दावा ‘लायबल’ म्हणूनच दाखल होत असे. सागरी कायद्यात खुद्द जहाजालाच प्रतिवादी करता येते. म्हणजे त्या खलाशांनी कोणाचीही बदनामी केली नव्हती, त्यांनी जहाजावर दावा लावला होता. दुसरीकडे, कोणाची निंदा करणारी पत्रके हातोहात फिरू लागली, त्यांनाही हाच शब्द लागला आणि आज सर्वांच्या ओळखीचा असलेला अर्थ तिथून आला.

वाक्य दुरुस्त झाले, पण खरी अडचण दोन प्रकरणांनंतर आली. तिथे ‘लायबल’ आणि ‘स्लँडर’ हे शब्द जोडीने आले होते आणि भाषांतरात दोन्हींसाठी ‘बदनामी’ पडल्यामुळे वाक्याला काही अर्थच उरला नव्हता. इंग्लंडच्या कायद्यात हा भेद महत्त्वाचा आहे : ‘लायबल’ टिकाऊ स्वरूपातली आणि ‘स्लँडर’ बोलण्यासारख्या क्षणिक स्वरूपातली. ‘स्लँडर’मध्ये काही अपवाद वगळता प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावे लागते, तर ‘लायबल’मध्ये परंपरेने तशी गरज नव्हती, २०१३ च्या कायद्याने मात्र प्रतिष्ठेला गंभीर हानी झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे दाखवणे आवश्यक केले. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६०च्या दंड संहितेने उच्चारलेल्या आणि लिहिलेल्या शब्दांना कलम ४९९ मध्ये एकत्रच बसवले, त्यामुळे मराठीत या भेदासाठी रुळलेली जोडी नाही.

सहकाऱ्याने ‘लेखी बदनामी’ सुचवले. सोपा शब्द आहे आणि बहुतेक ठिकाणी मीही तोच ठेवते. पण १८९४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने मेणाचा पुतळाही ‘लायबल’ ठरू शकतो असे मानले होते. खुनाचा आरोप सिद्ध न झालेल्या माणसाचा तो पुतळा गुन्हेगारांच्या दालनाजवळ मांडलेला होता. त्यात लेखी असे काहीच नव्हते. पुढे चित्रपटही ‘लायबल’मध्ये आला.

शेवटी आम्ही पहिल्या उल्लेखाला ‘टिकाऊ स्वरूपातील बदनामी (लायबल)’ असे लिहून पुढे ‘लायबल’ हाच शब्द ठेवला. जहाजाच्या वाक्यात समासात पेन्सिलीने लिहिले : ‘थकलेल्या पगारासाठी खलाशांनी जहाजाविरुद्ध दावा दाखल केला.’ सहकाऱ्याने ते वाक्य मोठ्याने वाचले आणि मग पुस्तकात तो शब्द जिथे जिथे आला होता, ती सगळी पाने स्वतःहून पुन्हा काढली.