आमची वाटचाल : पंधरा तारखेची पंचवीस वर्षं

मुलगी म्हणाली तुझ्या ऑफिसला पंचवीस वर्षं झाली, आई तू काहीतरी लिही, म्हणून लिहायला बसलेय. आज तारीख 9 आहे, 15 च्या आत सगळ्या कारखान्यांच्या पीएफची चलनं भरायची असतात, म्हणजे या आठवड्यात मी खरं तर कुणाच्या लग्नालाही जात नाही. पण असो.

माझं पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), ग्रॅच्युइटी, बोनस, लेबर वेल्फेअर असलं सगळं काम. कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी आणि थोडं गोकुळ शिरगाव. आधी एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात नऊ वर्षं मस्टर (हजेरीपट) लिहिलं. 2001 च्या जूनमध्ये पीएफ ज्या पगारावर कापायचा त्याची मर्यादा 5,000 ची 6,500 झाली, छोट्या कारखानदारांची धांदल उडाली, दोघातिघांनी विचारलं ताई आमचं पण बघता का, आणि घरातल्या डायनिंग टेबलावर सुरू झालं. पहिली दोन वर्षं लोक यायचे आणि विचारायचे, साहेब नाहीत का? मी म्हणायचे साहेब बँकेत नोकरीला आहेत, पीएफचं मीच बघते.

तेव्हाचं काम आताच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. माणसागणिक एक फॉर्म 3ए, म्हणजे वर्षाचं पीएफचं कार्ड, मार्च ते फेब्रुवारी बारा ओळी, सगळ्यांची बेरीज 6ए च्या एकत्र तक्त्याशी जुळली पाहिजे आणि 30 एप्रिलच्या आत पीएफ ऑफिसला गेली पाहिजे. एक रुपयाचा फरक निघाला की रात्र गेली. फरक बहुतेक राउंडिंगचा असायचा, 6,500 वर मालकाचे 12 टक्के म्हणजे 780, त्यातले 541 पेन्शनला आणि 239 पीएफला, हे आकडे मला आजही झोपेतून उठवून विचारा. (आता 15,000 वर 1,250 आणि 550.) कार्बन घालून तीन कॉप्या, बोटं निळी, आणि तो कॅसिओचा कॅल्क्युलेटर, त्याचं पाचचं बटण दाबून दाबून खोल गेलं होतं, तो अजून ड्रॉवरमध्ये आहे. 3ए ची कार्डं पण होती, 2019 च्या पुरात कपाटाचा खालचा कप्पा गेला.

2003 ला भागीदार घेतला. टाइम ऑफिसातलाच, माझ्यापेक्षा लहान, हुशार, बोलायला गोड. नाव घेत नाही, शिरोलीत सगळ्यांना माहीत आहे. मधल्या आठ-नऊ वर्षांबद्दल काय सांगू, कामं वाढली, गाळा घेतला, दोन मुली कामाला ठेवल्या, झालं. 2012 च्या एप्रिलपासून ईसीआर, म्हणजे चलन आणि रिटर्न एकत्र, ऑनलाइन आलं तेव्हा मात्र मी घाबरले होते हे कबूल करते. एक्सेलमधनं टेक्स्ट फाइल करायची, प्रत्येक आकड्याच्या मधे #~# हे चिन्ह, एक जरी चुकलं तरी पूर्ण फाइल रिजेक्ट. ते त्याने पटकन शिकून घेतलं आणि मी म्हटलं बरं झालं, पोर्टलचं तू बघ, माणसांचं मी बघते. इथेच चुकलं. सगळ्या पार्ट्यांचे, म्हणजे आमच्या कारखानदारांचे, पासवर्ड त्याच्याकडे, रजिस्टर केलेला मोबाइल नंबर पण त्याचाच. जे कोणी हा धंदा करतायत त्यांनी आत्ता उठून बघा, पार्टीच्या पोर्टलवर नंबर कुणाचा आहे. तुमचाही नको आणि तुमच्या पोराचाही नको, मालकाचा पाहिजे.

2014 च्या 1 सप्टेंबरपासून मर्यादा 6,500 ची 15,000 झाली. ज्या माणसाचा बेसिक (मूळ पगार) 12,000 त्याचे मालकाला आधी 780 लागायचे ते 1,440 झाले. म्हणजे माणसामागे 660, शंभर माणसांचा कारखाना असेल तर महिन्याला 66,000, मालक हादरणारच, त्यात मी मालकांना दोष देत नाही. पण आमच्या भागीदाराने प्रत्येकाला जाऊन सांगितलं की बेसिक 5,000 दाखवा, बाकीचं एचआरए, कन्व्हेयन्स, वॉशिंग, अटेंडन्स असं फोडा, 600 रुपयात काम होतं. मी म्हटलं हे चालायचं नाही, सरसकट सगळ्यांना मिळतो तो भत्ता कसला, तो पगारच. तर म्हणतो, ताई तुम्ही लेबर युनियनमध्ये जा.

दिवाळीनंतर एका सोमवारी तो आलाच नाही. पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचे डोंगल, पार्ट्यांच्या फाइली सगळं घेऊन गेला. 62 पार्ट्या होत्या, चार महिन्यांत 41 त्याच्याकडे गेल्या. बरं, जाऊ देत, धंद्यात होतं असं. पण ज्या 21 राहिल्या त्यांचे पण पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि हा फोन उचलत नाही. तारीख 11. चलन चुकलं की पीएफ कायद्याच्या 7क्यू कलमाचं 12 टक्के व्याज आणि वर 14बी चे डॅमेजेस (दंड), आणि ते मालकाला लागणार, म्हणजे मालक माझ्या दारात. पासवर्ड बदलायला प्रत्येक कारखान्याच्या लेटरहेडवर मालकाच्या सहीचं पत्र लागतं. मी माझ्या ॲक्टिव्हावर निघाले, मालक कुणी पुण्याला, कुणी लग्नात, कुणी म्हणतोय आम्ही पण तिकडेच जायचं म्हणतोय.

अण्णा त्या 21 मधलेच एक मालक, त्यांच्या फाउंड्रीत पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, मेल्टिंग चालू होतं, ते बाहेर लाकडी खुर्चीवर. सगळं सांगितलं. काही बोलले नाहीत, लेटरहेडच्या खाली सही केली, मग ड्रायव्हरला म्हणाले गाडी काढ. दोन दिवस ते माझ्याबरोबर गाडीत बसून शिरोलीभर फिरले. बाकीचे मालक मला थांबवून ठेवायचे पण अण्णा दारात दिसले की सही लगेच. 15 तारखेला रात्री पावणेबाराला विसाव्या पार्टीचं चलन निघालं. एकविसाव्याचं चुकलं, त्याचं व्याज मी खिशातून भरलं. तीन महिने मुलींचे पगार माझ्या पाटल्या गहाण टाकून दिले, हे घरात यांना पण नंतर कळलं.

त्याच गाडीत मी अण्णांना विचारलं होतं, तुमचं बेसिक फोडायचंय का, सगळे फोडतायत. म्हणाले, पूर्ण कापा ताई, माणसं आमची आहेत.

हे लिहिण्याचं कारण पुढे आहे. मे 2021, दुसरी लाट. अण्णांच्या फेटलिंगचा (ओतीव माल घासून साफ करायचं खातं) एक कामगार कोविडने गेला, 2002 पासून कामाला. बायको ऑफिसला आली, बरोबर मोठा मुलगा, प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार आणि डेथ सर्टिफिकेट. मस्टरवर नाव बाळू, आधारवर बाळासाहेब. नाव दुरुस्तीचं जॉइंट डिक्लेरेशन केलं, मग पीएफचा फॉर्म 20, पेन्शनचा 10डी, विम्याचा 5आयएफ. विमा म्हणजे ईडीएलआय, मालक दर महिन्याला अर्धा टक्का भरतो आणि निम्म्या कामगारांना तो आहे हेच माहीत नसतं. सरासरी पगाराच्या 35 पट, पगार 15,000 पर्यंत धरायचा, म्हणजे सव्वापाच लाख, आणि खात्यातल्या शिलकेच्या निम्मे पण पावणेदोन लाखाच्या वर नाही. तिला पूर्ण सात लाख आले. ईएसआयच्या कोविड योजनेतून दर महिन्याला त्याच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के वेगळे. त्याच आठवड्यात शेजारच्या कारखान्यातला एक गेला, तेवढाच पगार, पण बेसिक 5,000 वाला. आमच्या ओळखीतला म्हणून त्याच्या भावाने हिशोब बघायला आणला. पावणेतीन लाख. चलन कुणी भरलं होतं ते सांगायची गरज नाही.

त्याच्या आधी 28 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता, सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते बेसिकमध्येच धरायचे. मी 2014 ला जे म्हणाले तेच. त्या आठवड्यात फोन सुरू झाले, ताई ते ऑर्डरचं काय म्हणतायत, ताई मागचं पण निघेल का, थकबाकी ठरवायची 7ए ची नोटीस येईल का. 41 पैकी 11 परत आले. एकाने तरी म्हणावं की ताई तेव्हा चुकलं? नाही. चहा प्यायले, रेट विचारला, फाइल ठेवून गेले. आणि आता तर 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचे पगारातच धरायचे. आमच्या जुन्या भागीदाराचं एसी ऑफिस आहे, बोर्डावर एचआर सोल्युशन्स, आणि कोडवर सेमिनार तोच घेतो. लोक जातात पण.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये कारखाने परत उघडायला कामगारांचा मेडिकल विमा पाहिजे असं केंद्राचं आलं तेव्हापासून आम्ही ग्रुप मेडिक्लेमचं पण बघतो. त्यात एक सांगते, कुणी विचारलं नाही तरी. ईएसआयची मर्यादा 21,000 आहे. 20,800 वाल्या चांगल्या कामगाराला तुम्ही 400 रुपये वाढवून देता, पेढे वाटता, आणि काही महिन्यांनी तो ईएसआयच्या बाहेर, त्याची बायको, पोरं, त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप सगळे बाहेर. मग आईला ॲडमिट केल्यावर कळतं. वाढ द्यायच्या आधी मेडिक्लेममध्ये नाव घाला आणि घालताना आईवडील आहेत का, रूमभाड्याला कॅप किती, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का हे वाचून घ्या. नुसतं तीन लाखाचं कार्ड वाटून फोटो काढू नका.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. आता नातू बघतो, इंजिनीअर आहे, चांगला आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, ताई, एकजण माणशी 40 रुपये कमी सांगतोय, सगळं ॲपवर देतो म्हणतोय. मी विचारलं कोण, तर तोच. मी म्हटलं माझा रेट आहे तोच आहे, तू बघ. बरं म्हणाला, फोन ठेवला. मी दोन दिवस जेवले नाही नीट, खोटं कशाला सांगू.

त्यांचं या महिन्याचं मस्टर 4 तारखेला आलं, नेहमीसारखं.