सोबत रक्ताचा बल्ब कुठाय?

जुलैतली संध्याकाळ. लाईट गेलेली, कुडाळची आमची लॅब इन्व्हर्टरवर. एक मुलगा छत्रीखालून तीन बल्ब, म्हणजे नमुन्याच्या छोट्या नळ्या, घेऊन आला. वडिलांच्या पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं, सुईने काढलेलं. आठ दिवस ताप, डोकं ठणकतंय, मान वळत नाही. बल्ब माझ्या हातात देताना त्याने हळूच विचारलं, "ताई, पाठीत सुई घातल्यार माणूस लुळो पडता म्हणतत, खरा काय?" मी सांगितलं, मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते. पटलं की नाही कोण जाणे.

बल्ब बर्फात घालून आणले नव्हते, हे नशीब. बांगड्याचे आणि या पाण्याचे नियम उलटे. थंडीने काही जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, फुकट जाते. उशीरही चालत नाही, तासा-दोन तासांत पेशी फुटायला लागतात. म्हणून आधी पेशी मोजायचा चेंबर भरला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी १८०, बहुतेक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). निरोगी माणसात पाचाच्या वर नसतात. प्रोटीन १६०, असायला हवं ४५ च्या आत. करड्या टोपणाच्या फ्लोराइड बल्बातली शुगर ७४.

आमच्या रिपोर्टवर शुगरची नॉर्मल रेंज ४५ ते ८० छापलेली आहे. मशीनने ७४ पुढे काहीही खूण केली नाही. घाईत कोणी म्हणेल, लिम्फोसाइट वाढलेत, शुगर ठीक आहे, व्हायरल असेल. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) असतोच, त्यातही पाणी असंच दिसू शकतं.

पण पाठीतल्या पाण्याची शुगर एकटी वाचायचीच नसते. ती रक्तातून येते, साधारण रक्ताच्या दोन-तृतीयांश. निम्म्याच्या खाली गेली की संशय घ्यायचा. फॉर्मवर रक्ताच्या शुगरचा रकाना कोरा. (तो नेहमीच कोरा असतो. सव्वीस वर्षं मी याच रकान्यावरून भांडतेय.) वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "अहो, ते डायबेटिक आहेत. सुई टाकायच्या आधी ग्लुकोमीटरवर ३१२ होती."

३१२ ला ७४. चौथा हिस्सासुद्धा नाही! मघाची 'नॉर्मल' शुगर एका फोनने पार खाली गेली. शुगर कमी, प्रोटीन जास्त, लिम्फोसाइट वाढलेले, आठ दिवसांचं दुखणं. निदान करणं माझं काम नव्हे, पण दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून लाल पेनाने गोल केला आणि डॉक्टरांना स्वतः फोन लावला. त्यांनी टीबीच्या संशयाने एडीए तपासणी सांगितली, उरलेल्या पाण्यातलं सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला, पाठवायला लावलं. तळाशी राहिलेलं थोडं मी स्टँडवर तसंच ठेवलं.

सकाळी येऊन पाहिलं, तर त्या बल्बात कोळ्याने विणावी तशी बारीक जाळी धरली होती. जुने टेक्निशियन टीबीची म्हणून दाखवायचे, तीच.