प्रयोगाच्या टेबलापाशी

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. तिच्या लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षा होते, आणि माझ्या मते या स्पर्धेचे खरे मोल तिथेच आहे. गेल्या वर्षी वाशीच्या आमच्या स्वयंपाकघरात माझी सहावीतली मुलगी ओट्यावर मोजपात्र ठेवून, गुडघे वाकवून, डोळे पाण्याच्या रेषेत आणून पाण्याच्या वक्र पृष्ठभागाच्या तळाशी येणारा आकडा वाचत होती. तीनदा मोजले, तिन्ही आकडे वेगळे आले, आणि असे का झाले हे समजेपर्यंत ती जेवायला उठली नाही. एका शिकवणीवर्गाने मात्र तिला फक्त उत्तरे पाठ करायला दिली होती, याचे मला अजून वाईट वाटते.

१९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी, असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यासोबत मिळणारी शिष्यवृत्ती अनेक घरांना मोठा आधार होती.

खाडीपुलापलीकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाड या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धांसाठी निवडलेल्या मुलांची उन्हाळी शिबिरे भरतात. तिथवर पोहोचणारी मुले मोजकीच. पण सुट्टीत प्रयोग करण्याची तशी संधी आमच्या नोडमधल्या, म्हणजे नवी मुंबईतल्या आमच्या उपनगरातल्या, प्रत्येक शाळेतल्या मुलांना मिळायला हवी.