भीमाशंकरचे दगडफूल : नमुने गोळा करण्यासाठी पुण्याहून केलेला प्रवास

गोड्या मसाल्यासाठी पुण्याच्या मंडईत मिळणारे दगडफूल नाव काहीही असले तरी बहुतेक वेळा झाडाच्या सालीवरून काढलेले असते. पण ते कोणत्या झाडावरचे, कोणत्या डोंगरावरचे आणि केव्हाचे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसल्यामुळे संग्रहालयाच्या लेखी त्याला किंमत नसते. डिसेंबरात आम्ही तिघे भीमाशंकरला गेलो, तेव्हा हीच गोष्ट सतत मनात होती.

मंचर, घोडेगावमार्गे हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. १९८५ पासून हे अभयारण्य असल्याने वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय सालीचा तुकडाही काढता येत नाही, म्हणून अर्ज बराच आधी करावा.

दगडफूल हे एक शैवाक, म्हणजे कवक आणि शैवाल एकत्र राहून बनलेला सजीव. पहाटेच निघावे, कारण दवाने ओले असताना पानासारखे पसरलेले शैवाक चिवट असते आणि चाकूने अखंड सुटते, तर दुपारी वाळल्यावर हात लावताच त्याचा चुरा होतो. गुळगुळीत सालीवर काळ्या, वळणदार रेघांचे, मोडीतल्या अक्षरांसारखे दिसणारे शैवाक मात्र सालीशी इतके एकजीव असते, की ते सालीच्या पातळ कपच्यासहच घ्यावे लागते. जिवंत झाडाला खोल जखम करू नये. वादळाने पडलेल्या फांद्यांवर पुष्कळ मिळते आणि उंच शेंड्याकडचे प्रकारही तिथेच हाती लागतात. दगडावरच्यासाठी छिन्नी, हातोडी आणि डोळ्यांना चष्मा हवा. एकाच ठिकाणचे सगळे कधीही उचलू नये, कारण बहुतेक शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात.

नमुना कागदाच्याच पाकिटात ठेवावा. पूर्वी एकदा मी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या आणि दोन दिवसांत सगळ्यावर बुरशी चढली. ती फेरी वाया गेल्याचे दुःख अजून आहे. पाकिटावर जागेवरच, शिसपेन्सिलने, क्रमांक, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश, झाडाचे नाव, जमिनीपासूनची उंची आणि सावली की ऊन हे लिहावे. झाड ओळखता आले नाही, तर त्याची पाने आणि छायाचित्र सोबत आणावे. ‘संध्याकाळी आठवून लिहू’ हा विचार घातक ठरतो.

घरी आल्यावर त्याच रात्री पाकिटे उघडून पंख्याखाली, उन्हाशिवाय वाळवावीत. पानासारखे प्रकार किंचित ओलसर असतानाच वर्तमानपत्रात हलक्या वजनाखाली ठेवावेत. पूर्ण वाळल्यावर, कीड मरावी म्हणून, बंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवावे आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर नमुन्यावर पाणी धरते. ओळखीसाठी, रंग बदलतो का हे पाहायला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, तो वेगळ्या काढलेल्या कणावरच.

शेवटी आम्लरहित कागदाच्या घडीच्या पाकिटात नमुना ठेवून त्यावर छापील लेबल चिकटवावे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या आजरेकर कवकसंग्रहात पश्चिम घाटातली शैवाके जपलेली आहेत; नमुने कुठेही द्यायचे असोत, त्या संग्रहाची पाकिटाची आणि लेबलाची पद्धत जंगलात जाण्यापूर्वीच विचारून घ्यावी आणि परवानगीपत्राची प्रत नमुन्यांसोबत जोडावी.